सवाष्णींनी न पाहिलेलं लग्न

खळेवस्ती, ता. श्रीगोंदा
४ फेब्रुवारी २०२५

ती. मालनताईंना राजेश्वरीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवरच बोलले असते, पण भिंतीपलीकडे तुमचे धाकटे भाऊ, वाल्मिकभाऊजी, असतात. म्हणून लिहिते.

हे गेल्यावर त्यांच्या रानावर माझं नाव लावायला अर्ज दिला, तर भाऊजींनी हरकत घेतली. म्हणतात, वहिनी, तुमचं लगीन झालंच कुठं, नुसता पाट लागलाय. कचेरीत लग्नाचा पुरावा मागतात. माझ्याकडे फोटो आहे, पत्रिकाही आहे, पण पहिल्या लग्नाची! तो माणूस वर्षाच्या आत गेला. पाटाला कुठली पत्रिका नि कुठली वाजंत्री? विधवेचं दुसरं लग्न सवाष्णींनी बघायचं नसतं, म्हणून सगळ्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. पुरुष बाहेर. आता ज्याला विचारावं तो म्हणतो, झालं ते ठावं हाय, पर डोळ्यानं न्हाई बघितलं. मी तरी काय बघितलं? मान खाली. बांगड्या नसलेले दोन हात गाठ मारताना दिसले, तेवढंच.

ताई, माझं डोकंच चालेना. हळदीकुंकवाला कुणी बोलवत नाही, कारण मी विधवा. कचेरीत मात्र मी बायकोच नव्हते. मग मी विधवा कुणाची? राहती खोलीही त्याच रानात आहे. सतराला सुनावणी आहे. फार भीती वाटते.

भावजय लिहू की नको, तेही कळत नाही.
राजेश्वरी


श्रीरामपूर
११ फेब्रुवारी २०२५

चि. राजेश्वरीस मालनचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राआधीच वाल्मिकचा फोन आला होता. म्हणाला, ताई, एक सही कर, रामहरीच्या रानात तुझंबी नाव लागतंय. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. माहेरच्या रानात आपलं नाव कुणाला नको? पण मला मध्येच वाटा कुठून आला, हे काही उमगेना. सुनेने, आरतीने, समजावलं. तुम्हाला मूलबाळ नाही, आईही आता नाही; तू रामहरीची बायको नव्हतीस असं ठरलं, तरच वाल्मिक नि मी वारस. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. करावं काय, ते ठरेना.

मग तुझं पत्र आलं. अगं वेडे, ते हात माझे! आमचे हे तेव्हा नुकतेच गेले होते. पाट लावायला विधवाच लागते, म्हणून आईने मला पुढे बसवलं. एरवी सगळ्यांच्या लग्नात, पोटच्या पोराच्याही, मी मागच्या खोलीत. विधवा झाल्यापासून एकच लग्न जवळून पाहिलं, आणि वाल्मिक म्हणतो ते झालंच नाही!

सतराला सकाळच्या एसटीने निघते. सही करणार, पण तुझ्या बाजूने, असं वाल्मिकला कळवलंय. त्याने फोन आपटला. रागावू दे, भाऊच आहे. तू मात्र रडत बसू नकोस, पिठलं-भाकरी करून ठेव.

माया आहे तशीच राहू दे. बाकी समक्ष.

तुझी नणंद,
मालन