महिनाअखेरची अमावस्या

२६ फेब्रुवारी
आईचं परत सुरू! सकाळपासून छपराकडे बघून भांडते आहे — "उतरा खाली, उतरा!" छपरावर कावळासुद्धा नाही. मधले दिवस किती धड होती. आदिलाबादच्या दवाखान्यातल्या गोळ्या चालू, तरी हे! तिच्यापायी कामावर जायची जैनथची बस चुकली, कापडदुकानात मालकाची बोलणी खाल्ली. डबा मात्र भरून दिला होता तिने. असल्या अवस्थेतही तो विसरत नाही.

२७ फेब्रुवारी
शेजारची बयनाबाई म्हणाली, "आज आवस हाय पोरी. मांगच्या महिन्यातबी आवसेलेच बिघडली होती तुई माय." आम्ही बौद्ध, अमावस्या-बिमावस्या मानत नाही, असं ठणकावून सांगितलं. मग गुपचूप कॅलेंडर पाहिलं. बाई खरं बोलत होती! भयंकर राग आला — कोणावर, माहीत नाही.

९ मार्च
रेशनचा तांदूळ आणला. आई पोटभर जेवली, गोळी घेतली, माझी वेणी घातली. चक्क हसली. अशीच राहा ना, आई!

२५ मार्च
कापूस वेचणी कधीच संपली, आईला काम नाही. तांदूळ डब्याच्या तळाला. माझा पगार पाच तारखेशिवाय नाही. संध्याकाळी घरी आले तर म्हणते, "मी जेवली, तू जेव."
माझ्या डब्यात एवढा भात का कोंबते कोण जाणे. आज उरला तो दुकानामागच्या कुत्र्याला टाकला.

२८ मार्च
परत छपरावरची माणसं. उद्या अमावस्या. बयनाबाईने आईवरून उतरवायला लिंबू दिलं — आणि मी ते घेतलं! लाज वाटते. पण भीती जास्त वाटते. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. तिच्याजवळ थांबायचं तर दुकान सुटेल, मग खायचं काय?

२९ मार्च
लिंबू आईला दिसू नये म्हणून तिच्या लुगड्यांखाली लपवायला गेले, तर तिथे गोळ्या! न घेतलेल्या, चिंधीत बांधलेल्या. मी ओरडलेच. ती शांतपणे म्हणाली, "जेवल्यावर घ्याची म्हंते डाक्टर. जेवलीच नाही त काऊन घेऊ? पोटात आग पडते."
मागच्या महिन्यातही असंच?
"तांदूर सरत आला का असंच."
लिंबू चुलीत टाकलं.

३० मार्च
सकाळी विचारलं — चूल तर रोज पेटते, भात रोज शिजतो. मग तो जातो कुठे?
"तुया डब्यात."