शेवटच्या घरातली चार माणसं

३ फेब्रुवारी, सोमवार
पोचलो एकदाचा ग्वाल्हेरला! कऱ्हाडपासूनच्या प्रवासाने अंग नुसतं आंबून गेलंय. पण नशीब बघा, इंदरगंजच्या मागच्या गल्लीत खोली मिळाली, तीही मराठी घरात. घरमालक कृष्णराव. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून आले ते इथलेच झाले. त्यांच्या पत्नी मंदाताईंनी उंबऱ्यावरच हातात गूळ-पाणी ठेवलं. म्हणाल्या, बाहेरून आलेल्याला आम्ही पाणी दिल्यावाचून आत घेत नाही, आणि एकदा पाणी दिलं की तो घरचाच. चहाला हाक मारली तर कृष्णराव म्हणतात, "मी अखबार वाचून राहिलो." मजा आहे.
काम दांडगं आहे. पुढच्या तीस वर्षांत हे शहर वाढणार, त्याला पाणी किती लागेल आणि गटारं केवढी, याचा आराखडा करायचा. सोळाला अंतरा येईल. सहावा महिना आहे तिला. खोलीला वेगळं न्हाणीघर आहे हे ऐकून बाईसाहेबांचा जीव भांड्यात पडला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आमचं घर गल्लीतलं शेवटचं. त्यामागच्या गटाराच्या चेंबरमध्ये मीटर बसवला. साधी गोष्ट असते, नळाने जेवढं पाणी घरांत जातं त्याहून थोडं कमीच गटारात येतं. इथे जास्त येतंय! बोअर कुणाकडे नाही, गळती सापडत नाही. पाणी वाढतं ते नेमकं आमच्या घराच्या पाठीशी. कोण वापरतंय कोण जाणे.

११ फेब्रुवारी, मंगळवार
आराखडा आजच जायचा होता. साहेब, संग्रामसिंह, वैतागले. म्हणाले, "आंकड़ा बिठा दीजिए ना." बसवला. जादा पाण्याच्या हिशोबाने कृष्णरावांच्या घरात चार माणसं जास्त दाखवली. भाडेकरू आम्ही मोजत नाही, त्यांना त्यांच्या गावी धरतात, म्हणून यादीतून स्वतःला खोडलं. काय चोख जुळलं! खुशीत येऊन दाल बाजारातून तिळाची गजक आणली.

१२ फेब्रुवारी, बुधवार
संध्याकाळी मंदाताई दारात गूळ आणि पाण्याची चार फुलपात्रं घेऊन उभ्या. कोण येणार म्हणून विचारलं. म्हणाल्या, आलेत की. मला कुणी दिसलं नाही. चारही फुलपात्रं रिकामी झाली. उंबऱ्यावर ओली पावलं उमटली होती, सगळी आत जाणारी. चेंबरचं झाकण उघडल्यावर येतो तोच वास.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
सहा ताटं मांडली होती. माझं नव्हतं. मंदाताईंना विचारलं, त्यांनी मान वर केली नाही. कृष्णराव रिकाम्या पाटाला आग्रह करत होते.
नळाखाली हात धरला की पाणी थांबतं. हात काढला की येतं.
साहेबांना फोन केला. म्हटलं, ते चौघं खोडा, मला घाला. ते म्हणाले, कौन बोल रहे हैं? नाव सांगितलं. ओळखलं नाही. आराखडा मंजूर झालाय, आता काही होणार नाही, एवढं मात्र सांगितलं.
घरचा होतो मी. स्वतःच्या हाताने स्वतःला खोडलं, गाढवासारखं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
घशाला कोरड. दुकानातली बाटली तोंडाला लावली की रिकामी — दुकानदाराने पैसे घेतले नाहीत, बघितलंच नाही माझ्याकडे.
अंतराला फोन. येऊ नकोस, येऊ नकोस म्हणून ओरडलो. तिला नुसता पाण्याचा आवाज ऐकू येत होता. म्हणाली, अहो, काही कळत नाहीये, उद्या भेटूच.
वरच्या खोलीत कोणीतरी आंघोळ करतंय. माझ्या खोलीत.

१६ फेब्रुवारी, रविवार
स्टेशनवर तिच्यासमोर उभा राहिलो. आरपार बघून रिक्षात बसली. मागून धावत —
पोचली. मी अंगणात आहे. आत जाता येत नाही. उंबरा ओलांडताच येत नाही.
मंदाताईंनी तिला गूळ-पाणी दिलं. अंतरा, पिऊ नकोस — प्यायली.
जिन्यावरून उतरतंय कोणी. ओली पावलं. अंगात माझा निळा शर्ट, तिनेच शिवून घेतलेला —
"आलीस? दमलीस ना?"
आवाज माझा.
ती हसली. त्याचा हात धरून पोटावर ठेवला, बाळ लाथा मारतंय म्हणाली. त्याच्या मागे उरलेले तिघं, तिच्या पोटाकडे बघत —
दार लावतायत. अंतरा, इकडे, मी इथे, अगं मागे व—