तात्पुरता आवाज

प्रिय नौफल,

माफी मागून तुझी जीभ झिजली नाही का रे? पाच महिन्यांत तुझे अकरा मेसेज, चार ईमेल आणि ते एक भलंमोठं रेकॉर्डिंग, ज्यात तू निम्मा वेळ नुसतं नाक ओढतोस. आईने एकालाही उत्तर दिलं नाही. 'त्या मेल्याने माझा वजदी दुसऱ्यांदा बुडवला,' एवढंच ती गल्लीभर सांगत फिरायची. आणि गेल्या शनिवारी तू थेट तिलाच फोन केलास. म्हणालास, मावशी, वजदीचं सगळं मूळ रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे, न कापलेलं, साडेतीन तासांचं. ईदला माझी बहीण हाजेर बोटीने येतेय, तिच्याबरोबर पेन ड्राइव्ह पाठवतो. झालं! पाच महिने तुला शिव्याशाप देणारी बाई एका फोनवर विरघळली. आता तू 'माझा नौफल' झालायस. तिने कानात घालायला नवे हेडफोन आणलेत, शेजारणींना दाखवते, म्हणते, 'साडेतीन तास! घरात होता तेव्हा मेला सलग साडेतीन मिनिटं बोलायचा नाही माझ्याशी.' मी मेसेजच केला असता, पण तुझा काही निरोप आलाय का ते बघायला ती माझा फोन मांडीवर घेऊन बसलेली असते. म्हणून कागद. ओळखीचं एक माणूस रविवारी लियाँला येतंय, त्याच्या हाती देते.

तुझ्या मामाच्या स्पेअर पार्टच्या दुकानावरची ती खोली आठवते? उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि तू कम्प्युटर थंड राहावा म्हणून एकुलता एक पंखा त्याच्याकडे वळवायचास, आम्ही भाजून निघालो तरी चालेल. तिथे आपण बनवलेला गेम किती साधा होता. एक बाई स्वयंपाकघरात आहे. कुसकुस वाफेवर आहे, मिरच्या वाटायच्यात. मधेच फोन वाजतो. काम टाकून धावलं तर काम बिघडतं, काम सांभाळलं तर फोन बंद होतो. वेळेवर उचलला तर परदेशी गेलेला मुलगा एक वाक्य बोलतो. बस. जिंकणं नाही, हरणं नाही, मारामारी नाही. तुझा मामा म्हणाला होता, 'हे खेळायला लोक पैसे देणार? माझी बायको रोज फुकट खेळते.' चित्रं माझी, डोकं तुझं. स्वयंपाकघर मी आमचंच काढलं, कान तुटलेल्या निळ्या किटलीसकट. आवाज मात्र तात्पुरता. तुमच्या धंद्याचा हा रिवाजच, खरा नट मिळेपर्यंत जो हाताशी असेल त्याला माइकपुढे बसवायचं, फाइलला 'तात्पुरता' असं नाव द्यायचं आणि मग सवडीने बदलायचं. हाताशी माझा भाऊ वजदी होता. खालच्या गॅरेजात मोपेड दुरुस्त करता करता काळे हात घेऊन वर यायचा. 'यम्मा, जेवलीस का?' हे त्याने एकवीस वेळा म्हटलं आणि मग विचारलं, 'अरे, या पोराला जेवणाशिवाय दुसरं काही सुचतच नाही का?' आपण तिघेही पोट धरून हसलो होतो.

सप्टेंबरात वजदी गेला. केरकेना बेटाच्या बाजूने रात्री चोरून परदेशी जाणारी नाव सुटली, चौतीस जण होते, आणि पुढे काहीच नाही. ना प्रेत, ना फोन. आईने मेलेल्याच्या नावाचं फातिहाचं जेवणसुद्धा घालू दिलं नाही. तू गेममधला आवाज बदलला नाहीस, त्याबद्दल सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. जर्मनीत बक्षीस मिळालं. शेवटच्या नामावळीत 'तात्पुरता आवाज: वजदी' असं वाचून परीक्षक रडले म्हणे. रडू देत, त्यांचं काय जातं? त्याच बक्षिसावर तुला लियाँची नोकरी लागली, व्हिसा मिळाला, विमानात बसून गेलास. आपलं लग्न होणार हे गल्लीने धरूनच ठेवलं होतं. मीही धरून ठेवलं होतं, ते आता लिहायला काही हरकत नाही.

आईच्या पुढ्यात तो लॅपटॉप तूच ठेवलास, जायच्या आधी. माणूस पहिल्यांदा खेळत असला की बनवणाऱ्याने मागे बसायचं आणि तो कितीही चुकला तरी तोंड उघडायचं नाही, हा तुझा नियम. आपण दोघे तिच्या मागे बसलो. ती माउस टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्यावर रोखत होती. नऊ वेळा फोन सुटला. दहाव्यांदा लागला आणि वजदी म्हणाला, 'यम्मा, जेवलीस का?' तिने पडद्याला उत्तर दिलं, 'माझं सोड, तू जेवलास का?' नियम आपण पाळला. तुला नंतर जिन्यात उलटी झाली, मी आत जाऊन चहा टाकला.

त्या दिवसापासून दुपारची नमाज झाली की ती बसायचीच. एकशे त्रेचाळीस वाक्यं तिला पाठ झाली. गेममधला कुसकुस करपू नये म्हणून जिवाचा आटापिटा करायची आणि आमचं खरं जेवण शेगडीवर जळायचं. आईच ती, तिचं दुःख मला कळत नाही असं नाही. पण त्याच घरात मी होते, नौफल, हाडामांसाची. एकदा तापाने फणफणले होते, पाणी मागितलं, तर म्हणाली, 'हळू बोल ग, त्याच्या फोनची वेळ झालीय.' दोन वर्षं मी हळू बोलले. नोकरीत बढती मिळाली ती सांगितली तेव्हाही हळूच सांगितली. तिला ऐकू गेली नाही.

मग तुझ्या प्रकाशकाला मोठ्या बाजारासाठी खरा नट हवा झाला. तू ट्युनिसच्या एका नाटकवाल्याकडून सगळी वाक्यं म्हणवून घेतलीस, पण ताकीद दिलीस, मावशी हो म्हणेपर्यंत हे बाहेर सोडायचं नाही. मार्चमधल्या एका मंगळवारी आईने लॅपटॉप उघडला, गेम आपला आपणच नवा झाला आणि एक परका बाप्या तिला 'यम्मा' म्हणाला. तिने लॅपटॉप मिटला, उघडला. परत मिटला, परत उघडला. सहा वेळा. मग मला विचारलं, 'याला सर्दी झालीय का ग?' पाच महिने तू समजतोयस की घोळ तुझा, झोपेच्या भरात भलत्याच ठिकाणी तुझी टिचकी पडली आणि नवा आवाज बाहेर सुटला. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? टिचकी माझी. गेम बाहेर सोडायच्या खात्याचा पासवर्ड तू कधी बदललाच नाहीस, माझा वाढदिवस होता तो. सोमवारी ऑफिसातून घरी येताना ठरवलं आणि आल्याबरोबर दोन मिनिटांत उरकलं. ती तुझ्या नावाने ऊर बडवत होती तेव्हा मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. वाईट वाटलं का म्हणशील, तर नाही. त्याच आठवड्यात तिने मला विचारलं, 'आज काय करायचं ग जेवायला?' दोन वर्षांत पहिल्यांदा.

तू धुतल्या तांदळासारखा आहेस असं मात्र समजू नकोस. मूळ रेकॉर्डिंगची एक डिस्क तू जाताना माझ्याकडे ठेवली होतीस. मी ती ऐकली आहे, शेवटपर्यंत. तुला त्याचा आवाज सहन होत नाही, तूच लिहिलं होतंस. म्हणजे न ऐकताच सगळं त्या पेन ड्राइव्हवर ओतलंस. दोन वाक्यांच्या मधेही माइक चालूच असतो, हे तुला मी सांगायचं? शेवटच्या दिवशीच्या फाइलमध्ये वजदी म्हणतो, 'आटप रे लवकर, गुरुवारी निघायचंय मला.' आणि तू काय म्हणतोस? 'बारा वाक्यं राहिलीत, तेवढी संपव. समुद्र काय पळून जातोय?' दोघेही हसता. तू त्याला अडवलं नाहीस, आईला सांगितलं नाहीस, बारा वाक्यं घेतलीस. 'यम्मा, मी पोचलो' हे त्यातलं शेवटचं. ते दोनदा घेतलंस, कारण पहिल्या वेळी म्हणे आनंद कमी पडला.

पण फाइल तिथे संपत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तू विचारतोस, 'मावशीला सांगितलंस?' तो म्हणतो, 'वेडबिड लागलंय का? उंबऱ्यात आडवी पडेल. दुर्साफला माहितीय. तिनेच कागद प्लास्टिकमध्ये शिवून दिले. म्हणाली, जा एकदाचा, मला तुझी खोली तरी मिळेल.' माझं हे बोलणं ऐकून तू तीन वर्षं गप्प राहिलास, माझ्यापाशीही बोलला नाहीस. त्याबद्दल आभार मानावेत एवढी चांगली मी नाही. मी चेष्टेत म्हटलं होतं, त्यालाही ते कळलं होतं, तो हसतच सांगतो. आईला ते हसू ऐकू येणार नाही, खोली तेवढी ऐकू येईल. म्हणून हे पत्र. माझ्याकडची डिस्क मी हातोडीने फोडली. तुझ्याकडचंही पुसून टाक, सगळं. नुसती नीट कापलेली वाक्यंही पाठवू नकोस, जुना गेमही नको. ती पुन्हा ऐकायला बसली की मला पुन्हा हळू बोलावं लागेल, आणि ते आता माझ्याने होणार नाही. पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर ती तुला फोन करेल. सांग, मावशी, माझ्या हातून सगळं गेलं, काही उरलं नाही. तुझा आवाज कापेल, ते बरंच आहे, तिला खरं वाटेल. ती तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करेल, तो ऐकून घे. नाही सांगितलंस, तर तुझं ते गुरुवारचं बोलणं मी तिला माझ्या तोंडाने सांगेन, माझं वगळून, आणि ती विश्वास ठेवेल, कारण आता घरात मीच आहे. हे सगळं वजदीच्या खोलीत बसून लिहितेय. टेबल खिडकीला लावून घेतलंय, चित्रं काढायला उजेड फार छान येतो.

तुझीच,
दुर्साफ