घरचं केंद्रात आणायचं नाही

बाई, तुम्ही गेल्यावर आपल्या महिला सल्ला केंद्रात तुमचं नाव फार वाढलं. तुम्ही असताना जे विश्वस्त मीटिंगला चहापुरते यायचे, ते आता कुठं काही अडलं की 'बाई असत्या तर' म्हणून सुरुवात करतात. बाई असत्या तर एवढा खर्च होऊ दिला नसता, बाई असत्या तर पोरींना असं तोंड वर करून बोलू दिलं नसतं. मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं, ते उठून थोडंच नाही म्हणणार आहे. आजवर मी हे हसण्यावारी नेलं. परवा मात्र हसू आलं नाही, कारण परवा ते जे म्हणाले ते खरं होतं.

दौंडच्या आपल्या शाखेत राहू गावची एक पोरगी काम करते. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. रेल्वे क्वार्टरमधल्या बायका तिच्यापाशी मन मोकळं करतात, इतकी ती गुणाची. सोमवारी ती इथं शिरूरला आली, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ताई, आज दुसऱ्या कुनाची केस न्हाई. आज माझीच घ्या." नवऱ्यानं पट्ट्यानं मारलं होतं. "एमआयडीसीत सुपरवायझर हाय ताई. समद्यांशी गोड बोलतो. कुनाला खरं वाटायचं न्हाई." मी चहा सांगितला. आधी चहा, मग चौकशी, हा तुमचाच नियम. ती बशीत ओतून सावकाश चहा पीत होती आणि मला तुमचा इतका राग आला की उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

मला कुठं मिळाला होता चहा? तुम्ही मला शाळेत शिकवलंत, रिटायर झाल्यावर बाजारपेठेमागच्या दोन खोल्यांत केंद्र काढलंत, तेव्हा सगळ्यांत आधी मला बोलावलंत. 'तुझ्या जिभेला धार आहे, ती चुलीपुढं गंजवू नकोस,' म्हणालात. मला कायदा शिकवलात, साहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलायला शिकवलंत. सगळं कबूल. पण रेल्वेतल्या माझ्या नवऱ्यानं मारलं, त्या सकाळी मी दौंडहून पहिली एसटी धरून आले आहे, गाल सुजलाय, डाव्या कानात नुसतं घूं घूं चाललंय. तुम्ही माझ्याकडं बघता, मग बाहेर सतरंजीवर बसलेल्या बायकांकडं बघता. दार लोटता आणि तुमच्या पर्समधली पावडरची डबी माझ्यापुढं ठेवता. 'तोंडाला लाव. तुला अशी पाहिली तर त्यांनी कुणाच्या भरवशावर इथं यायचं?' मी म्हणाले, बाई, मला आज घरी जायचं नाही. तर म्हणालात, 'अगं, आपल्या घरचं केंद्रात आणायचं नाही. लोक टपूनच बसलेत. एकदा हसू झालं की कुलूप लागेल.' दिवसभर मी पावडर लावून दुसऱ्यांची गाऱ्हाणी ऐकली. संध्याकाळी तुम्ही स्वतः स्टँडवर येऊन मला दौंडच्या गाडीत बसवलंत, खिडकीतून माझ्या गालावर हात फिरवलात. सुजलेल्याच गालावर. किती मायेनं, बाई!

त्या दिवाळीला मला दोन ब्लाउजपीस दिलेत. 'बाह्या कोपराच्या खाली शिव,' म्हणालात. बाकीच्या जणी म्हणाल्या, बाईंचा हिच्यावर भारी जीव. होताच ना. जीव होता म्हणून तर बाह्यांचं माप तुम्हाला बरोबर ठाऊक होतं. उन्हाळ्यात घामानं काखा सोलून निघायच्या आणि मी शिबिरात माइक हातात घेऊन सांगायचे, बायांनो, मनाच्या गोळीला लाजायचं नाही, ती बीपीच्या गोळीसारखीच. शिबिराला येणाऱ्या त्याच डॉक्टरांनी मलाही ती गोळी लिहून दिली, तेव्हा तुम्ही म्हणालात, 'टेबलावर ठेवू नकोस हं.'

तुमची भीती खोटी नव्हती, हे मलाही कळतं. केंद्राच्या दारावर शेण फेकून गेलेले लोक मी पाहिलेत. केंद्र टिकलं. पण ते माझ्या कातडीवर टिकलं, हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. डावा कान गेला तो गेलाच. ट्रेनिंगला येणाऱ्या मुली म्हणतात, ताई कशा मान तिरकी करून मन लावून ऐकतात, आणि त्याही तशाच मान तिरकी करून बसतात. यावर हसावं की रडावं? आणि शेवटी मला सोडवलं ते केंद्रानं नाही, रेल्वेनं. नवऱ्याची बदली सोलापूरला झाली, मी गेले नाही, त्यानंही बोलावलं नाही. इतक्या बायकांना हक्काच्या गोष्टी सांगणारी मी, माझी सुटका साहेबाच्या एका सहीनं झाली.

तर परवाची मीटिंग. पोरगीही कोपऱ्यात बसलेली. अध्यक्ष आप्पा, माजी सरपंच, माणूस वाईट नाही. म्हणाले, "ताई, पोरीनं राजीनामा द्यावा, म्हायेरी जावं, जरा दम खावा. केस करायची तर वकील लावून गुपचूप करू द्या. आपल्या केंद्रातनं नगं. आपल्याच पोरी मार खात्यात म्हंजी लोकं काय म्हंतील? ह्या काय दुसऱ्याची घरं सांभाळनार? बाई असत्या तर घरातलं घरातच ठेवलं असतं."

पोरीनं मान खाली घातली. तिची नोकरी गेली की ती त्याच दारात परत जाणार, हे तिला ठाऊक होतं, मलाही. मी म्हणाले, "आप्पा, हे एकदा करून झालंय. इथल्याच एका कार्यकर्तीला असंच परत पाठवलं होतं. तिचा कान गेला."

"कोन ती?"

"मी."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. हळूच विचारलं, "कुनी पाठवलं व्हतं, ताई?" त्यांच्या डोक्यावरच तुमचा फोटो. माझ्या जिभेची धार तुम्हाला माहीत आहे. मी म्हणाले, "ते आता कशाला? केस इथूनच होईल आणि पोरगी कामावर राहील. नाहीतर मीही उठते." आप्पांनी मान डोलावली. त्याच दिवशी घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी घेणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांकडं आमच्या लेटरहेडवर कागद गेला. पोरगी सध्या माझ्याकडंच राहते आहे. अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घालून कामावर जाते, वळ दिसले तर दिसू देत म्हणते.

हे सगळं तिला सांगायचं सोडून मी तुम्हाला लिहीत बसले आहे, आणि तुम्हाला काही हे पोचायचं नाही. काल भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "ताई, तुम्हाला माघारी पाठवनाऱ्या मोठ्या बाईच व्हत्या ना?" मी म्हणाले, "छे गं. बाई त्या दिवशी गावाला गेल्या होत्या." तिनं भाकरी उलटली. खोटं बोलून मला बरं वाटलं, बाई, आणि तुमच्यापेक्षा मला त्याचाच जास्त राग येतो.