काजलची नडगी

३ डिसेंबर, प्रकाशा

रोहिणी योगेंद्र चौधरी — आपल्या मुलीने, काजलने, आज तापी पोहून पार केली आणि न थांबता परतही आली! काठावर पाऊल ठेवले तेव्हा तिला धापसुद्धा लागलेली नव्हती. घरमालक गफूरभाई पायऱ्यांवर बसले होते. म्हणाले, “मास्तर, पोर शे का मासोयी?” मी केवळ मान हलविली. अभिमानाचे प्रदर्शन करू नये. मनात मात्र तुला हाक मारली.

नाशिकची शर्यत एकवीस तारखेला आहे. पोहणे, सायकल आणि धावणे — सलग. या सरावासाठीच शहाद्याचे घर बंद ठेवून आम्ही नदीकाठची ही खोली घेतली आहे.

६ डिसेंबर

सारंगखेड्यापर्यंत सायकल. तेथल्या घोडेबाजाराच्या यात्रेमुळे रस्ताभर घोडे. एका घोडेवाल्याने काजलशी पैज लावली आणि हरला! मागून ओरडला, “ताई, सायकलले काय चारस तू?”

धावताना मात्र तिची लय बिघडलेली वाटली. उजवा पाय जपून टाकते. विचारले, “पायाला वेदना होत आहेत काय?”

“नाही, नाना.” उत्तर तत्काळ आणि स्पष्ट.

८ डिसेंबर

पुन्हा विचारले. “नाही, नाना.”

९ डिसेंबर

सायंकाळी ती धावून आली आणि नडगीवर ओला फडका गुंडाळून बसली. मी म्हणालो, “काजल, सत्य सांग. वेदना होत आहेत काय?” ती चटकन उठून ताठ उभी राहिली. “नाही, नाना.”

शेजारच्या दारात गफूरभाईंच्या पत्नी बीबीजान भाकरी थापत होत्या. त्या तेथूनच म्हणाल्या, “मास्तर, पोरनी हजेरी ली ऱ्हायनात का?”

मला हसू आले नाही. रोहिणी, ते खरोखरच हजेरीचे उत्तर होते! माझ्याशी ती शाळेतली मराठी बोलते, आणि त्या मराठीत प्रश्न आला की मुले उभी राहून अपेक्षित तेच उत्तर देतात. दुखले-खुपले ती तुला सांगत असे — अहिराणीत. तू स्वतः मात्र, मी विचारले की, माझ्याच शब्दांत “प्रकृती उत्तम आहे” असे सांगत राहिलीस. गाठ कळली तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. म्हणालो, “दुखस का वं?”

उच्चार सदोष असावा. आधी ती हसली. मग एकदम हुंदका.

“दुखस, नाना. भलतंच दुखस. कव्हयनं दुखी ऱ्हायनं.” केव्हापासून दुखत होते, आणि मी हजेरी घेत होतो!

११ डिसेंबर, नंदुरबार

नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर. डॉक्टर म्हणाले, “वेळेवर आणलंत. अशीच धावत राहिली असती तर हाड तुटलं असतं.” वेळेवर — हा शब्द तुझ्या आजारात आपल्याला कोणीही म्हटला नव्हता.

संपूर्ण विश्रांती. शर्यत नाही.

काजल ऐकेना. “पोहण्यात आणि सायकलमध्ये मीच पुढे असेन, नाना. शेवटी थोडंच तर धावायचं. आईच्या नावाने — फक्त एकदा!”

मी माझे मत सांगितले : जाऊ नये. तिने पाठ फिरविली. मुलगी सज्ञान आहे, बांधून ठेवता येत नाही. तरीही अभिमान वाटतोच. लपवून नव्हे, समोर उभी राहून भांडते आहे!

१५ डिसेंबर

तिने धावण्याचे बूट पिशवीत भरले. बीबीजान म्हणाल्या, “तुमनीच पोर शे ती, मास्तर. मानेले वाकाडाले येतच नही.”

१९ डिसेंबर

नाशिकच्या बसची दोन तिकिटे तिने काढली आहेत. मी येणार हे तिने गृहीत धरले. मी जाणारच. ती पडली तर उचलायला कोणी हवे.

२१ डिसेंबर, प्रकाशा

शर्यत आज. आम्ही येथेच आहोत. काल बस सुटण्याच्या बेतात असताना काजल आपणहून उठली. “उतरा, नाना. पायरी चढतांना बी दुखस. मी नही जास. पाय जपना शे.”

सकाळी खोलीला कुलूप लावले. किल्ल्या गफूरभाईंना परत केल्या; आता शहाद्याला, आपल्या घरी.