बाबा तुझ्या रांगेत

गुरुवार, २३ जानेवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ गळतोय आणि प्लंबर रोज उद्यावर ढकलतोय. तुझ्या बायकोची पाठ आता कशी आहे?

ख्रिस्ती ऐक्य सप्ताहाच्या सभा सुरू आहेत, रोज संध्याकाळी वेगळ्या पंथाच्या चर्चमध्ये. काल आमच्याकडे होती. मी समितीची सचिव, म्हणजे खुर्च्या मांडण्यापासून कप विसळण्यापर्यंत सगळं माझ्या गळ्यात. संयुक्त निवेदनावर तीन वर्षं काथ्याकूट करून अखेर एका वाक्यावर एकमत झालं: आम्ही एकमेकांसाठी प्रार्थना करू. त्यात 'नियमित' घालायचं का, यावरून दोन पाळक हातघाईवर आले होते. तू असतास तर पोट धरून हसला असतास. मला हसू आलं नाही. हल्ली मला काही वाटतच नाही. प्रार्थनेला उभी राहते, शब्द बरोबर येतात, खाली बसते.

या महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा तुझ्या चर्चमध्ये आले होते. मीही होते, शेवटच्या बाकावर. घरून निघताना म्हणाले, "पोराच्या हातून प्रभुभोजनाची भाकर घेऊन येतो."

मी म्हटलं, "अहो बाबा, त्यांच्याकडे मोठेपणी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच देतात. तुमचा तान्हेपणी पाणी शिंपडून झालेला."

"ठाऊक आहे गं. त्याचाही तसाच झाला होता, मी पाळक होतो तेव्हा मीच केला. नंतर तो पुन्हा बुडून आला, ते सोड. बघू तर, देतो का."

रांगेत त्यांनी हात पुढे केले. तू मान खाली घालून तबक पुढच्या बाईकडे नेलंस. तुमच्या मंडळीचा नियम मला पाठ आहे, समितीसाठी त्यावर टिपण मीच लिहिलं होतं. बाबा हात तसेच धरून उभे राहिले. शेवटी मीच जाऊन त्यांना बाजूला घेतलं. घरी येताना एवढंच बोलले, "आवाज चांगला लागतो त्याचा."

आता नळाबद्दल आणखी काय लिहू? बाबांच्या पोटातली गाठ पसरली आहे. तुझ्याकडे आले तेव्हा त्यांना हे माहीत होतं. मलाही. तुला सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती, कारण त्यांना तुझ्या हातचं प्रभुभोजन दयेपोटी नको होतं. ती शपथ मी आज मोडतेय.

परवा आमचे पाळक प्रभुभोजन घेऊन घरी आले. बाबांनी तोंड फिरवलं. म्हणाले, "आधी पोराकडे." पाळकांना रडू कोसळलं. मी त्यांना पाणी दिलं आणि पेला धुवून ठेवला.

नियम मोड, असं मी म्हणणार नाही. तुझी मंडळी तुला काय म्हणेल, याची मला कल्पना आहे. तुझा राग यायला हवा होता, तोही येत नाही.

येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तुमच्याकडे पुन्हा प्रभुभोजन आहे. त्याच्या पुढच्या महिन्याचं विचारलं, तर डॉक्टर काही बोलत नाहीत. म्हणून मी बाबांना घेऊन येतेय. आता त्यांना चालवत नाही, चाकाची खुर्ची लागते, आणि तुमच्या दाराशी पायऱ्या आहेत. खुर्ची एका बाजूनं मी उचलेन. दुसऱ्या बाजूनं कोण उचलणार, तेवढं तू ठरव.

रविवारी येणारी,
तुझी ताई