आईच्या बीपीचा व्हिडिओ

सोमवार, १२ जानेवारी
नर्सिंगला आलेय की रील बनवायला? उत्तरा मॅडमनी नवीन टूम काढलीय — घरच्या कुणाचंतरी बीपी मोजायचं, मीटरचा काटा दिसेल असं आपल्याच मोबाईलवर शूट करायचं, बघून चुका सुधारायच्या आणि रविवारपर्यंत पाठवायचं. पहिला ठोका ऐकू आला की बोट वर, आवाज थांबला की खाली. मग आकडा बोलायचा. नापास झाले तर हॉस्पिटलची ड्युटी नाही. सगळ्या पुढे जाणार, मी इथेच.
पेशंट म्हणून आई. दुसरं आहे कोण!

मंगळवार, १३
वैताग! मोबाईल कुकरला टेकवला, तो घसरला. पुन्हा लावला तर आई मध्येच पदर सारखा करतेय. "हे कोण कोण बघणार गं?" आकडा आला एकशे ऐंशी बाय एकशे दहा. म्हणजे पट्टा सैल बांधला असणार.

बुधवार, १४
पट्टा नीट बांधला, तरी तेच. व्हिडिओ तीनदा बघितला, चूक सापडेना. आईचं वेगळंच — "डोकं ठणकतंय गं, आटप लवकर." नुसतं बसायचं काम, त्यातही नाटकं. खेकसलेच तिच्यावर, तेही संक्रांतीच्या दिवशी. तिने गुपचूप तिळगूळ हातावर ठेवला.

शनिवार, १७
अजून तेच. रडकुंडीला आले. वर्गातल्या वल्लरीला फोन केला. "अगं येडी, सगळ्या एकशेवीस बाय ऐंशीच बोलल्यात. ठोके काय मॅडमना ऐकू येणारेत? बिनधास्त बोल आणि मोकळी हो."

रविवार, १८
पाठवला एकदाचा! पट्टा, स्टेथो, बोट, सगळं झकास. एकशेवीस बाय ऐंशी, ठणकावून बोलले. आईपण शहाण्यासारखी गप्प होती, डोळे मिटून.

बुधवार, २१
मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, कौतुक. त्यांनी व्हिडिओ मध्येच थांबवला. "पद्धतीत एकही चूक नाही. पण काटा एकशे ऐंशीवर असताना तुझं बोट वर गेलंय." मी मान खाली घातली. आता नापास म्हणणार. त्यांनी मार्कांचं काढलंच नाही.
"पेशंट कोण आहे?"
"आई."
"आजच डॉक्टरकडे ने. आत्ता नीघ."
ठाण्याहून कोपरला घरी पोचेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता.

गुरुवार, २२
आईला ॲडमिट केलंय. मघाशी सिस्टरनी बीपी घेतलं. आकडा मला आधीच पाठ होता.